टोमॅटोच्या पानांचा वास

त्या थंडीत माझी रोपं दुसऱ्यांदा मेली, तेव्हा माझे दीर काचघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा हात गेला आता."

माझ्या हातात रोपांचा ट्रे होता. आदल्या संध्याकाळी ताठ उभी असलेली टोमॅटोची रोपं उकडलेल्या पाल्यासारखी काळपट होऊन आडवी पडली होती. ते ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. आयुष्यभर आमचं तेच चालत आलं. पण ते हळू आवाजात बोलले. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसं. तो आवाज आठवला की आजही माझं डोकं तापतं, कारण तो आवाज काढताना त्यांना सगळं ठाऊक होतं.

काचघर आमच्या ह्यांनी बांधलं. हे काचा बसवायचं काम करायचे. जुनी शाळा पाडली तेव्हा तिच्या खिडक्या हातगाडीवर रचून ह्यांनी घरी आणल्या. घराची जी भिंत दिवसभर ऊन खाते, तिला टेकून त्यांचं उतरतं छप्पर उभं केलं. काही तावदानांवर पोरांनी कोरलेली नावं अजून आहेत, आणि एकावर कोणा मास्तरांचं लांबलचक नाक आहे. सकाळी त्या नाकाची सावली मिरच्यांवर पडते. दीर तेव्हा तरुण, कापडगिरणीत मुकादम आणि तोंडाने फाटके. "दादा, कोंबड्या कधी आणतोस?" असं ते येता-जाता विचारायचे. हे हसायचे. मला मात्र ते बोलणं लागायचं.

काचघर रात्री गरम ठेवायला आमच्याकडे शेगडी नव्हती, विजेची तार नव्हती, आणि ह्यांना त्याचाच गर्व होता. मागची भिंत जाड दगडी आणि काळ्या रंगाची. तिच्या पायाशी पाण्याने भरलेली पत्र्याची पिंपं, तीही काळी. भिंतीने आणि पिंपांनी दिवसभर ऊन पिऊन घ्यायचं आणि रात्रभर हळूहळू सोडायचं. त्यांनी सोडलेली ऊब काचेतून पळून जाऊ नये म्हणून, ऊन काचेवरून उतरायच्या आधीच, वरून जाड रजया खाली सोडायच्या. त्या रजया माझ्या हातच्या. मी टपाल कचेरीत खिडकीवर होते. बाद झालेल्या गोण्या साहेबांकडून मागून आणल्या, दोन पदरांच्या मध्ये लोकर भरली आणि शिवल्या. कुठे फट दिसली तर चिंध्या कोंबायच्या. एवढंच सगळं. पण हे एवढं रोज करावं लागतं, अंगात ताप असला तरी आणि घरात मयत झालं तरी. हे गेले त्या संध्याकाळी माणसं पुढच्या खोलीत बसलेली असताना मी मागे जाऊन रजया सोडून आले होते. लोकांनी नावं ठेवली असतील, खुशाल ठेवू देत. रोपं जगली.

त्यानंतर कितीतरी थंड्या मी ते काचघर एकटीने सांभाळलं. बाहेर पाण्याचा नळ गोठून फुटायचा आणि आत माझ्या मिरचीला फूल यायचं. थंडी सरली की आजूबाजूची माणसं रोपं न्यायला यायची आणि आधी दोन मिनिटं आत नुसती उभी राहायची. ओल्या मातीचा आणि टोमॅटोच्या पानांचा तो कडवट हिरवा वास छातीत भरून घ्यायची आणि मग कामाचं बोलायची.

त्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. रजया वेळेवर सोडल्या, दोर आवळले, तरी सकाळी पिंपांना हात लावला तर ती गार असायची. पहिल्या खेपेची रोपं गेली. मला वाटलं, थंडीच जास्त आहे. दुसरी खेपही गेली, तेव्हा दीर आपल्या मुलाच्या देखत ते वाक्य बोलले.

घरात आम्ही चौघं. मी, माझे दीर, त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि त्यांचा मुलगा. त्याला सगळे खांब म्हणतात, कारण तो दारातून वाकल्याशिवाय आत येत नाही. खांब फ्रिज दुरुस्त करतो. घरात एक माणूस गारवा विकणारा आणि एक ऊब राखणारी, असं आमचं घर. त्याने सामानाची नवी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला त्याला काचघराची जागा हवी होती.

"मोठीकाकू, रोपंच जगत नाहीत तर त्या काचा कशाला सांभाळायच्या?" तो जेवताना म्हणाला. पोरगा वाईट नाही, पण एकदा गाडी डोक्यात शिरली की बाकी काही शिरत नाही.

"एवढी घाई करू नकोस," दीर म्हणाले. "थंडी संपू दे. मग पाडू."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! मनात म्हटलं, म्हातारपणी का होईना, माणूस मऊ झाला. मला एक थंडी तरी देतोय.

मग मी कारण शोधायला लागले. ह्यांनी शिकवल्याप्रमाणे मेणबत्ती पेटवून एकेका फटीपाशी धरत गेले. वारा आत येत असेल तिथे ज्योत कलते. खालच्या चौकटीपाशी दोन ठिकाणी कलली, तिथे चिंध्या कोंबल्या. वरच्या बाजूला बघण्यासाठी शिडी घेतली तर दीर धावत आले. "वहिनी, या वयात शिडी? पडून माकडहाड मोडून घ्याल. खाली उतरा बघू." शिडी त्यांनी स्वतः उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मला तेही प्रेमच वाटलं.

वरचं बघायचं राहून गेलं आणि मी स्वतःकडेच संशयाने बघायला लागले. रजया सोडून स्वयंपाकघरात यायचे आणि पुन्हा मागे जायचे, खरंच सोडल्या का ते बघायला. एकदा तर मी जावेला विचारलं, "अगं, मी आज दोर बांधले का?"

"मला काय माहीत, ताई? मी इथे पडलेय," ती बिचारी म्हणाली.

दीर खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय.

सकाळी चहाचा कप धरताना मी माझ्याच बोटांकडे बघत राहायचे. ह्याच हातांनी त्या रजया शिवल्या, मग आता काय झालं त्यांना? माझ्या आईला म्हातारपणी काही आठवेनासं झालं होतं. ती चपला फडताळात ठेवायची आणि दुधाचं भांडं दाराबाहेर. माझंही तसंच व्हायला लागलं, असं मी मनात पक्कं करून टाकलं. त्या भीतीबद्दल मी कोणाशी बोलले नाही. ती काय असते, हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

तिसऱ्या खेपेचं बी मी रुजवलं ते अगदी शेवटचं होतं. घरचं बी, ह्यांनी धरलेलं, दरवर्षी त्याच वाणाच्या फळातून काढत आणलेलं. ते उगवलं, दोन पानांचं झालं. आणि एका रात्री जेवताना मीच म्हणाले, "ही खेप गेली तर पाडा काचघर. मी आडवी येणार नाही."

खांब एवढासा झाला. "मोठीकाकू, ही जगली तर मी गाडी रस्त्यावर ठेवीन. अगदी शब्द."

दीर आमटी ओरपत राहिले.

जाऊ पानगळीपासून अंथरुणावर होती. तिची छाती धरलेली. डॉक्टरांनी खोलीतली कोळशाची शेगडी बंद करायला लावली. विजेच्या हीटरने तिचा घसा कोरडा पडायचा आणि खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. म्हणून ती दोन पांघरुणांखाली नाकाचा शेंडा तेवढा बाहेर ठेवून पडलेली असायची. तिची खोली काचघराच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. मध्ये ती एकच दगडी भिंत. दुपारी मी तिच्याकडे बसायचे. आम्ही दोघी या घरात आलो तेव्हा एकमेकींची तोंडं बघायचो नाही. पुढे नवऱ्यांच्या तक्रारी करता करता आमची गट्टी जमली.

त्या दुपारी मी तिची वेणी घालत होते. केस सोडवायला खाली वाकले आणि थबकले. तिच्या केसांना टोमॅटोच्या पानांचा वास येत होता.

"तू काचघरात गेली होतीस?"

"मी? मोरीपर्यंत जायचं तर मला दोन माणसं लागतात. तिकडे काय उडत जाऊ?"

"मग हा वास कसला?"

"तुमच्याच हातांचा असेल. नाहीतरी मला तो रोज येतो. संध्याकाळी तुम्ही तिकडे रजया सोडल्यात ना, की थोड्या वेळाने येतो. मला फार आवडतो, ताई. कोणीतरी गरम ओला पंचा तोंडासमोर धरल्यासारखं वाटतं. खोकला बसतो माझा. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, की आपली ही खोली पूर्वी अशी नव्हती."

"मग भाऊजी काय म्हणाले?"

"म्हणाले, तुला भास होतो."

मी तिच्या खिडकीकडे बघितलं. काचेवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ उतरून चौकटीत साचले होते. शेगडी बंद असलेल्या कोरड्या खोलीत एवढी वाफ कुठली? आणि माझ्या काचघरातली तावदानं, जी थंडीत रोज सकाळी घामाने डबडबलेली असायची, ती गेले कित्येक दिवस कोरडी ठणठणीत होती. ते मी रोज बघत होते आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

मी वर बघितलं. भिंतीला लागून दिरांचं ते अवाढव्य कपाट. त्याच्यावर दोन ट्रंका. आणि दोन ट्रंकांच्या मधून, अगदी छताखाली, एक काळी फट.

"ताई, वेणी?" जाऊ म्हणाली.

"येते," मी म्हटलं.

दीर औषध आणायला गेले होते. मी पडवीतून शिडी ओढत आणली. जड होती, तरी आणली. काचघराच्या मागच्या भिंतीला लावली, मेणबत्ती पेटवली आणि एकेक पायरी चढले. वर छताजवळ तिथे एक झरोका आहे. उन्हाळ्यात आतली गरम हवा बाहेर जायला ह्यांनी ठेवला होता. पलीकडे आधी उघडी ओसरी होती; पुढे तिची खोली केली तेव्हा खोलीच्या बाजूने जाड फळी ठोकून त्यांनीच तो बंद केला. काचघराच्या बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहिल्या. खालून बघणाऱ्याला त्यात काही बदललेलं दिसलं नसतं. मी ज्योत त्या पट्ट्यांपाशी नेली आणि ती पट्ट्यांच्या आत शिरल्यासारखी आडवी झाली. पलीकडून कोणीतरी हवा ओढून घेत असावं तशी.

फळी नव्हती. पट्ट्यांमधून ट्रंकांच्या कडा दिसत होत्या. खिळे उपटून काढले होते, तेही नीट, भिंतीचा एक टवका न उडवता. मुकादमाचं काम.

मी काय करतेय याचा फार विचार केला नाही. खाली उतरले, एक जुनी गोणी आणि हातोडी घेतली, पुन्हा चढले, गोणी झरोक्यात कोंबली आणि वर आडवी पट्टी ठोकली. एकेका घावाला मी एकेक गोष्ट आठवत होते. हात गेला. शिडी नको. भास होतो. थंडी संपू दे. थंडी संपू दे! म्हणजे थंडीभर माझी ऊब चोरायची आणि ती संपली की चोरीची जागाच पाडून टाकायची. आणि मी त्या माणसाचे मनात आभार मानले होते.

शेवटचा घाव बसला आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. आधी एकदा. मग लागोपाठ.

मी शिडीच्या पायरीवर बसले. कान झाकले नाहीत, सगळा ऐकला. पट्टी मात्र काढली नाही. तो खोकला माझ्या अंगावर टाकून हा माणूस बाजारात फिरत होता, आणि आता मी दुष्ट ठरणार होते. याचाही राग आला. हातातल्या हातोडीचा दांडा गरम झाला होता.

मला सासूबाई आठवल्या. शेवटच्या आजारात त्या त्याच खोलीत असायच्या, आणि त्यांची खाट याच भिंतीला चिकटून होती. दगडाने दिवसभर इकडून प्यायलेलं ऊन रात्री तिकडूनही बाहेर येतं. "कोणीतरी पाठीला पाठ लावून झोपल्यासारखं वाटतं गं," असं त्या म्हणायच्या. त्या गेल्या आणि दिरांनी खाट उचलून तिथे कपाट आणून ठेवलं. म्हणे भिंत वाया जाते. इतकी वर्षं ती भिंत त्यांच्या कोटांना ऊब देत होती आणि बायको पलीकडच्या गार कोपऱ्यात खोकत होती.

मी खोलीत गेले तेव्हा दीर औषधाची बाटली घेऊन आत शिरतच होते. त्यांनी माझ्या हातातली हातोडी बघितली आणि मग वर ट्रंकांकडे बघितलं. बस, तेवढ्यात कळलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही शिडीवर—"

"चढले. माकडहाड शाबूत आहे. फळी कुठे आहे?"

"कसली फळी?"

"माझ्या नवऱ्याने ठोकलेली. खिळे काय सुरेख काढलेत! एकही वाकडा नसेल."

जाऊ पांघरुणातून वर झाली. "काय झालं हो? कसली फळी?"

"तुला होणारा भास," मी म्हटलं. "तो त्या झरोक्यातून येत होता."

दीर खुर्चीत बसले. बाटली मांडीवर ठेवली. "तिला बरं वाटत होतं," ते म्हणाले. "अंथरूण धरायच्या आधी एक दिवस काचघराचं दार उघडं होतं, ती तिथून गेली आणि तिचा खोकला तासभर बसला. डॉक्टरही म्हणाले, ओलसर ऊब चांगली. मग मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं."

"काय सांगणार? कोंबडीखुराडं म्हणून ज्याला आयुष्यभर हसलो, त्यातली हवा द्या म्हणून तुमच्या दारात उभा राहू?"

"हो! उभं राहायचं होतं! मी दिली नसती? हिच्यासाठी दिली नसती?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "रोपं मेली, त्याचं मला काही नाही. पुन्हा पेरली असती. पण भाऊजी, माझा हात गेला म्हणालात. मी रोज सकाळी उठून माझे हात बघत होते. मला वाटलं माझी आई झाले मी. तुम्ही समोर बसून बघत होतात, मी दोर बांधले का म्हणून विचारत होते तेव्हा. तुम्ही मान खाली घातलीत. तुम्हाला बघवलं कसं हो?"

जाऊ त्यांच्याकडे बघत होती. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिची तशी नजर मी कधी पाहिली नव्हती. "माझं नाव पुढे करून?" ती एवढंच म्हणाली आणि तिला पुन्हा खोकला लागला.

तो खोकला थांबला. मग दीर वर बघून म्हणाले, "आता ते उघडा. बघताय ना तिची अवस्था?"

"नाही उघडणार. कपाट हलवा."

"कपाटाचा काय संबंध?"

"हलवा म्हणते ना."

"ते हलत नाही. गच्च भरलेलं आहे."

मी कपाटाचं दार उघडलं आणि त्यांचा काळा कोट काढून जमिनीवर टाकला. मग करडा. मग गिरणीच्या निरोपाच्या वेळी मिळालेला तो बटणांचा, ज्याला ते हात लावू देत नाहीत. "वहिनी! वहिनी, अहो तो—" ते उठले, पण मधे आले नाहीत. सदरे, मफलर, बुटांचे डबे, एका डब्यातून दुसरा डबा. माझ्या हातांना अचानक एवढा जोर कुठून आला कोण जाणे. जाऊ खोकत होती, आणि मध्येच मला ऐकू आलं की ती हसतेय.

"टाका, ताई," ती म्हणाली. "तो हिरवा स्वेटरही टाका. त्याला मी कंटाळलेय."

खांब कामावरून आला तो हे बघतच दारात वाकलेला राहिला. "काय, घर बदलतोय का आपण?"

"कपाट ओढ," मी म्हटलं.

"बाबा?"

"ओढ म्हणतात ना त्या," दीर म्हणाले.

खांबाने वरच्या ट्रंका उतरवल्या आणि रिकामं कपाट तिघांनी मिळून ओढलं. ओढताना त्याने फरशीवर असा ओरखडा काढला की आजही तिथे दिसतो. मागची भिंत उघडी पडली. धुळीची जाळी, एक हरवलेला बूट आणि साधी दगडी भिंत. मी तिच्यावर तळवे टेकवले. कोमट होती. रात्री आणखी तापणार होती. दगडाला पलीकडची ऊब इकडे आणायला वेळ लागतो. मी खांबाचा हात धरून तिथे ठेवला.

"अरेच्चा," तो म्हणाला. मग आपल्या बापाकडे बघून पुन्हा, "अरेच्चा."

आम्ही जावेची खाट भिंतीशी सरकवली. तिने पाठ टेकवली आणि डोळे मिटले. मी तिला सांगितलं, झरोका दुपारपर्यंत उघडा राहील; उन्हाच्या वेळी काचघरात ऊब पुरून उरते, ती तुझी. ऊन कलायला लागलं की तो मी बंद करणार. रात्रीचं ही भिंत बघेल. वास हवा असेल तर दोन कुंड्या तुझ्या उशाशी आणून ठेवते.

"मग माझी गाडी?" खांब म्हणाला.

"तुझ्या गाडीला म्हणावं, रस्त्यावर उभी राहा आणि कानटोपी घाल," त्याची आई म्हणाली.

मी मात्र जागची हलले नव्हते. खिडकीतून बाहेर दिसत होतं, ऊन काचेच्या खालच्या कडेपर्यंत आलं होतं. रजया सोडायची वेळ टळत होती आणि आभाळ स्वच्छ होतं. अशीच रात्र सगळ्यात जास्त गारठते. तरी मी उभी राहिले.

"वहिनी, मी येतो रजया सोडायला," दीर म्हणाले. "झालं ते झालं."

"आपोआप झालं नाही ते. तुम्ही केलंत. दोराला हात लावायचा नाही तुम्ही."

"मग काय करू मी?"

"या पोरासमोर माझा हात गेला म्हणालात. आता त्याच्याच समोर खरं काय ते सांगा."

ते फरशीवरच्या कोटांकडे बघत बसले. जाऊ डोळे मिटूनच म्हणाली, "बोला हो एकदाचं. त्यांना उशीर होतोय."

दीर मुलाकडे वळले. माझ्याकडे नाहीच. "झरोका मी उघडला होता," ते म्हणाले. "तुझ्या काकूचा हात जसा होता तसाच आहे. काचघर पाडायचं नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की राग उतरेल. ऐकलं आणि उलट पायापासून वर चढला. हे एवढं सोपं होतं. तीन वाक्यं. ही तीन वाक्यं बोलायला नकोत म्हणून त्या माणसाने मला माझ्याच डोक्याची भीती घातली.

मी खांबाला घेऊन मागे गेले. दोघांनी रजया सोडल्या. उशीर झालाच होता. शेवटच्या दोन तावदानांवरचं ऊन गेलं होतं. मी दोर स्वतः आवळले आणि एकदाही पुन्हा बघायला आले नाही. रात्रभर बाहेर लाकडं तडकल्याचा आवाज येत होता. भिंतीपलीकडून खोकला एकदाच आला, मग नाही.

सकाळी काचघरात शिरले तर काचा घामाने डबडबलेल्या. पिंपाला हात लावला, कोमट. काचेच्या अगदी जवळच्या ट्रेमधली सहा-सात रोपं माना टाकून पडली होती, उशिराचा दंड म्हणून. बाकी सगळी उभी होती. ताठ, दोन्ही पानं पसरून. मी खाली बसले आणि बोट त्यांच्यावरून फिरवलं. बोटाला तो कडवट वास लागला आणि मला रडू आलं. ते रागाचंच होतं.

दाराबाहेर पावलं थांबली. दार मी आतून लावलं होतं.

"वहिनी," दीर म्हणाले. त्यांचा आवाज हळू होता, पण या वेळचा हळू वेगळा. "जगली का?"

मी पडलेली रोपं एकेक करून मुळासकट काढली, ट्रे सारखा केला, झारीत कोमट पाणी घेतलं आणि निवांतपणे पाणी घालायला लागले. बाहेर गारठा होता. ते तिथेच उभे होते. एकदा पाय आपटले, एकदा खाकरले.

"वहिनी? जगली का?"

अजून दोन ट्रेना पाणी घालायचं होतं. मी ते घालून घेतलं.